न पुजलेला पाना

गाडी चालवायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि शिकल्यापासून आजतागायत माझ्या गाडीखाली कोणी आलेलं नाही. गाडीसमोर आलेत, बाजूला उड्या मारल्यात, कन्नडमधून माझ्या खानदानाची चौकशीही केली आहे. पण खाली म्हणाल तर कोणी नाही. बेंगळूरमध्ये असं छातीठोक सांगणारे फार लोक सापडायचे नाहीत. गाडी चालवणाऱ्या बायका तर त्या काळी विरळाच. ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. गवीपुरमच्या आमच्या गल्लीत मी गाडी बाहेर काढली की क्रिकेट खेळणारी मंडळी स्टंप उचलून ओट्यावर जाऊन बसत. मी त्याला आदर समजत असे.

गाडी खरं म्हणजे आमच्या यांनी बुक केलेली. पण तिचा नंबर लागायला इतका वेळ गेला की गाडी आली तेव्हा हे नव्हते. शोरूमचा माणूस किल्ली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. "साहेब आहेत का? फोटो काढायचाय," म्हणाला. मी फोटोत एकटीच उभी राहिले. मुलगा शंभूराज पुण्याला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक." मी म्हटलं, "हिरवा रंग तुझ्या बाबांनी निवडलाय. तो कसा विकू?" आणि दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

घरात बोलायला कोणी नसलं की माणूस काय करील त्याचा नेम नाही. मी गाडीशी बोलू लागले. सिग्नलला थांबले की तिला भाजीचे भाव सांगायची, वळणावर सुनेच्या कागाळ्या. गाडी मध्येच बोलत नाही, "आई, तू हेच मागच्या वेळी सांगितलंस" असं म्हणत नाही. एवढ्या गुणांवर मी तिचा एक दोष पोटात घातला होता. ब्रेक दाबला की थांबण्याआधी ती डावीकडे वळून बघायची. साडीच्या दुकानावरून जाताना बायका बघतात तशी. डावीकडे फूटपाथ असेल तर ठीक, पण एकदा तिथे कॉन्स्टेबल होता.

कंपनीचं नाव काही मी सांगणार नाही. नुसतं कंपनी म्हणू. शहराच्या टोकाला पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे, तिथे त्यांचं मोठं वर्कशॉप होतं. तिथे मी तक्रार घेऊन गेले की टाय लावलेला कोणीतरी माझं सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ड्रायव्हिंग हॅबिट." मी म्हणायची, "हॅबिट माझी असती तर गाडी उजवीकडेही गेली असती." मग तो चहा मागवायचा.

आणि एक दिवस कंपनीचाच फोन आला. आमच्या वेळच्या सगळ्या गाड्या त्यांनी ब्रेक तपासायला परत बोलावल्या होत्या. बोलणारा मॅनेजर दिल्लीकडचा, अपूर्व नावाचा. आवाजावरून शेंबडा वाटला.

"म्हणजे ब्रेक खराब आहेत म्हणा की," मी विचारलं.

"नहीं नहीं मॅडम. ब्रेक अच्छे हैं. हम उन्हें और अच्छा कर रहे हैं. सब फ्री."

"मग आत्तापर्यंत माझी हॅबिट होती ती?"

"मॅडम, वो भी अच्छी है," तो म्हणाला. आपल्याला कोणी चांगलं म्हटल्याला बरेच दिवस झाले होते, म्हणून मी तारीख कबूल करून टाकली.

तारीख होती नेमकी खंडेनवमीची. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला सकाळी उशिरा पुण्याच्या गाडीनं शंभूराज येणार होता. तो नुसता सणाला येत नव्हता. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला पुण्याला घेऊन जायचं, असा बेत ठरवून येत होता. वर्षभर आम्ही फोनवर त्यावरून भांडत होतो. तो म्हणायचा, "एकटी काय करतेस तिथे?" मी म्हणायची, "मला इथे काय कमी आहे?" फोन ठेवला की काय कमी आहे ते मला चांगलं ऐकू यायचं. पण साडेतीनशे वर्षं या गावात काढलेल्या घराण्याच्या सुनेनं पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून नातवाची शाळा सुटायची वाट बघायची, हे मनाला पटत नव्हतं. तेव्हा माझाही एक बेत होता. स्टेशनावर स्वतः गाडी घेऊन जायचं, शंभूला बाजूला बसवायचं, सबंध मॅजेस्टिकच्या, म्हणजे मोठ्या बसस्टँडच्या गर्दीतून घरी आणायचं, आणि ब्रेक दाबीन तिथे गाडी सरळ उभी करून दाखवायची. मग बोल म्हणावं. या बेतासाठी मला ब्रेक हवे होते, आणि ते दसऱ्याच्या आत हवे होते.

आता खंडेनवमी म्हणजे काय ते बेंगळूरच्या मराठ्यांना सांगायला नको, पण तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर सांगते. तुम्ही दसऱ्याला गाडी धुता, हार घालता आणि लगेच तिच्यातून श्रीखंड आणायला जाता. आमच्याकडे तसं चालत नाही. नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुजायचं. आमच्या घरी एक तलवार आहे, ती म्यानातून निघत नाही, पण तिच्या बाजूला विळी, सुरी, कात्री, अडकित्ता आणि यांचा स्क्रू-ड्रायव्हर, सगळे ओळीनं बसतात. हळदकुंकू लागलं की हत्यार देवाचं झालं. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी आम्ही भाजीसुद्धा हातानं मोडतो.

पहाटे उठून मी घरची पूजा केली. सवाष्णीच्या हातानं व्हावी म्हणतात, पण दुसरं होतं कोण? माझ्या एकटीच्या आरतीला टाळ्याही माझ्याच. गाडीची पूजा तेवढी ब्रेक झाल्यावर करू म्हणून ठेवली, आणि तिच्याशी बोलत बोलत, डावीकडचा फूटपाथ सांभाळत, मागडी रोडनं पीण्याला पोचले.

वर्कशॉप केळीचे खांब आणि झेंडूनं असं सजलं होतं की एखाद्याला लग्नाचा हॉलच वाटावा. आत माझ्यासारखेच आणखी काही तक्रारदार आपापल्या गाड्या घेऊन आले होते. एक होते भीमाचार्य. जयनगरला ज्योतिष बघत. "माझी गाडी राहुकाळात थांबत नाही," ते मला गंभीरपणे म्हणाले. "इतर वेळी थांबते." दुसरे आप्पाजी, हडकुळे, सत्तरीचे, स्वेटर घातलेले, बसवनगुडीतले जुने मराठी. त्यांची तक्रार अशी की त्यांची गाडी फार लवकर थांबते.

"लवकर थांबणं चांगलंच की," मी म्हटलं.

"मी ब्रेक दाबायच्या आधी थांबते," ते म्हणाले. "अक्का, तुम्ही स्वल्प तिकडे सरका. माझा नंबर तुमच्या आधी आहे."

मॅनेजर अपूर्व प्रत्यक्षात खरंच शेंबडा होता, सर्दी झाली होती त्याला. ब्रेक तपासायच्या या शिबिराची तारीख दिल्लीहून सबंध देशाला एकच ठरली होती, आणि त्या दिवशी बेंगळूरमध्ये पान्याला हात लावत नाहीत हे त्याला आदल्या संध्याकाळी कळलं. हेडमेकॅनिक फत्तेसिंग आमच्यातलाच, मिशीवाला. त्याच्यापुढे हात जोडून अपूर्वनं तोड काढली होती. वर्कशॉपची सगळी हत्यारं पूजेला बसतील, पण अवजारांची एक पेटी पूजेतून बाजूला ठेवायची. तिला फूल नाही, कुंकू नाही, देवाकडे तोंडही नाही. त्या पेटीच्या जोरावर शिबिर पार पाडायचं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की फत्तेसिंगच्या माणसांनी आमच्या सगळ्या गाड्या भराभर उचलून ठोकळ्यांवर ठेवल्या, चाकं काढली, ब्रेकची भांडी उघडली. पीण्याच्या त्या शेडमध्ये आमच्या गाड्या चपला हरवलेल्या पाहुण्यांसारख्या उभ्या होत्या. तेवढ्यात घंटा वाजली. वर्कशॉपची मोठी पूजा सुरू झाली आणि हातातलं काम टाकून सगळे पुढच्या अंगणात गेले.

आरती झोकात झाली. इतक्या माणसांच्या टाळ्यांत टाळी मिसळायची संधी मला फार दिवसांनी मिळाली होती. मी जरा जास्तच जोरात वाजवली. कोहळा फुटला, चुरमुरे-डाळं-बत्तासे वाटले गेले, कोणीतरी "अक्का, घ्या" म्हणून माझ्या ओंजळीत भरभरून घातले. मन इतकं भरून आलं की काय सांगू. हात धुवायला म्हणून मी मागच्या बाजूला गेले, आणि तिथे मला ती पेटी दिसली.

भिंतीकडे तोंड करून, एका कोपऱ्यात. आत पाने, हातोडी, पकडी. सगळ्या वर्कशॉपमध्ये साध्या झाडूलासुद्धा झेंडू लावला होता आणि या बिचाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. हे गेल्यापासून गल्लीतल्या हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही. बोलावणारी दारावरून जाते, शेजारच्या घराची कडी वाजवते, आणि मी आत रेडिओ जरा मोठा करते. राहून जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी पुढे जाऊन तबक उचलून आणलं आणि एकेका पान्याला नीट हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पेटीवर शेवंतीचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

मागून आवाज आला, "अक्का, काय केलंत हे?"

फत्तेसिंग दारात उभा होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, मी विधवा म्हणून त्याला आवडलं नाही. मी म्हटलं, "राहून गेली होती हो ही. तुमच्या लक्षात आलं नसेल."

"राहून गेली नव्हती. ठेवली होती," तो म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

पुढच्या काही मिनिटांत सबंध वर्कशॉपला माझं कर्तृत्व समजलं. सगळ्या गाड्या बिनचाकाच्या ठोकळ्यांवर, डिकीतले पानेसुद्धा मंडळींनी मघाशी मोठ्या पूजेत नेऊन मांडलेले, आणि चाकं बसवायला पीण्यातल्या त्या छपराखाली एकही पाना मोकळा नाही. अपूर्व नाक पुसत धावत आला. त्यानं पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पोंछ दो. कपड़े से पोंछ दो."

फत्तेसिंग शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही म्हणत असाल तर पुसतो. ब्रेक बसवतो. पण देवाच्या हत्याराला हात लावून बसवलेला ब्रेक उद्या लागला नाही, तर जबाबदार कोण? तेवढं लिहून द्या."

जबाबदार हा शब्द ऐकताच अपूर्व दोन पावलं मागे सरला. आयुष्यात कंपनीनं कशाचीही जबाबदारी घेतली नव्हती, आणि देवाविरुद्ध तर नक्कीच घेणार नव्हती. त्यानं भीमाचार्यांना गाठलं. पूजा आजच मोडता येईल असा काही विधी आहे का?

भीमाचार्यांनी डोळे मिटून विचार केला. "आहे," ते म्हणाले. "पण गाडी तुम्ही आधी चालवून बघायची."

मग ठरलं, बाहेरून पाना आणायचा. पीण्यात छोटे-मोठे इतके कारखाने, कोणाकडे तरी एक न पुजलेला पाना असेलच की. कंपनीची व्हॅन होती, पण ती चाकांखाली लिंबं घेऊन पूजेला उभी होती आणि ड्रायव्हर तिला हात लावायला तयार नव्हता. तेव्हा आम्ही पायी निघालो. अपूर्व, आप्पाजी आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घाण आपण केली तर निस्तरायला आपणच जायला हवं. शिवाय मागे राहिले असते तर बाकीच्या तक्रारदारांनी मला बघून घेतलं असतं.

त्या दिवशी मी पीण्याचा प्रत्येक रस्ता बघितला. प्रत्येक गेटला केळी, प्रत्येक गेटपुढे फुटलेला कोहळा. दुसऱ्याच वळणावर अपूर्वचा पाय कोहळ्याच्या गरावर पडला आणि तो बसल्या बसल्या पुढच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत घसरत गेला.

"ह्याचेपण ब्रेक बघायला पाहिजे," आप्पाजी म्हणाले. मला हसू आवरेना, आणि मग तेही हसले. त्यांचे पुढचे दात नव्हते.

गेटवर जावं, "एक पाना द्याल का" विचारावं, आणि लोकांनी आम्हाला आत बोलावून खुर्चीवर बसवावं, चुरमुरे द्यावेत, आणि हात जोडून नाही म्हणावं. असं दर ठिकाणी. पदर चुरमुऱ्यांनी भरला, आणि पाना मात्र कुठे नाही. शेवटी आप्पाजींना आठवलं, मागच्या गल्लीत एका ख्रिश्चन गृहस्थाची लेथ आहे. आम्ही मोठ्या आशेनं गेलो. गृहस्थ दारातच उभे होते, आणि त्यांच्या मागे लेथ, पार शेवंतीनं मढवलेली.

"मी ख्रिश्चन आहे," ते खेदानं म्हणाले. "पण माझी लेथ हिंदू आहे. माझे कामगार दुसरं काही ऐकत नाहीत." आणि त्यांनीही चुरमुरे दिले.

हात हलवत आम्ही परतलो. आता दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावरच गाड्या मिळणार, हे नक्की झालं. मंडळी माझ्यावर जी उखडली, ती विचारू नका. कोणाला मंगळूरला जायचं होतं, कोणाला सासऱ्याला देवीला न्यायचं होतं. एक बाई म्हणाल्या, "ह्यांना घरी काही काम नाही काय, दुसऱ्यांच्या पान्यांना कुंकू लावत फिरायला?" हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

मी म्हटलं, "बाई, उद्या माझा मुलगा येतोय पुण्याहून. मला घ्यायला येतोय. त्याला आणायला मीच जाणार होते याच गाडीनं. माझंही नुकसानच झालंय." तेव्हा त्यांनी आपला मोर्चा अपूर्वकडे वळवला.

ऑफिसातून मी पुण्याला फोन लावला. त्याची गाडी संध्याकाळची, म्हणजे घरीच असणार. सांगायचं एवढंच होतं, की मी स्टेशनवर आले नाही तर रिक्षा करून ये.

"आई," शंभू म्हणाला, "बरं झालं तूच फोन केलास. मी काल करणार होतो. मला जमत नाहीये गं यायला."

"रजा नाही मिळाली?"

"तसं नाही. ऑफिस सिंगापूरला पाठवतंय. दोन वर्षं. पुढच्याच महिन्यात. पुण्याचं घर भाड्यानं द्यायचं, मुलाची शाळा, इतकं चाललंय ना..."

"आणि मी पुण्याला यायचं ते?"

"ते सध्या राहू दे ना. तुला तसंही यायचं नव्हतं."

"हो," मी म्हटलं. "मला कुठे यायचं होतं."

"ब्रेकचं काय झालं?"

"चांगले होते. आणखी चांगले करतायत."

फोन ठेवला. जायचं नाही, जायचं नाही म्हणून मी वर्षभर भांडले होते. एकेक मुद्दा घासून-पुसून ठेवला होता. आणि आता मला न्यायला कोणी येतच नव्हतं. भांडायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं असतं, पण ऑफिसात अपूर्व बसला होता आणि त्याचं नाक आधीच वाहत होतं. दोघांनी एकदम नाक पुसलं असतं तर बरं दिसलं नसतं.

मी बाहेर येऊन बसले, तर बऱ्याच वेळानं आप्पाजी मंडळींपुढे उभं राहून बोलू लागले. "हे बघा, ह्या अक्कांचा पोरगा उद्या येतोय. स्टेशनावर आई दिसली नाही तर त्याला कसं वाटेल? माझा नंबर पहिला आहे. तो मी ह्यांना देतो. पहिली गाडी ह्यांची. सरी काय?"

आणि काय सांगू तुम्हाला, ती मघाचीच चिडलेली मंडळी "सरी, सरी" म्हणत कबूल झाली. मघाची ती बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मी बोलले ते मनावर घेऊ नका हं." भीमाचार्यांनी मुलाचं नक्षत्र विचारून प्रवास सुखाचा होईल असं सांगितलं. मी तोंड उघडलं होतं. मुलगा येत नाहीये, एवढं एक वाक्य. पण इतके लोक माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की ते वाक्य मला सांगताच येईना. मी म्हटलं, "तुमचे उपकार झाले." आणि रिक्षा करून घरी आले.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. फत्तेसिंगनं माझ्या कुंकवाच्या पेटीला नमस्कार करून पहिला पाना उचलला तो माझ्या गाडीसाठी. सगळे तक्रारदार भोवती उभे. मंगळूरवाले गृहस्थही हातात घड्याळ घेऊन, "पटकन, पटकन, पुण्याची गाडी येईल" म्हणून मेकॅनिकांना हाकत होते. स्वतःची गाडी ठोकळ्यावर, आणि घाई माझी. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ब्रेक बसले. अपूर्वला बाजूला बसवून मी अंगणात एक चक्कर मारली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. डावीकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईंनी शंभूसाठी म्हणून डब्यात होळगी दिली, आपल्या पुरणपोळ्या हो. "जा, जा, उशीर होईल," सगळे म्हणाले.

मी गेले. बेत असा होता की तुमकूर रोडला लागायचं आणि गुपचूप घराकडे वळायचं. पण इतक्या लोकांनी स्टेशनावर पाठवलं होतं, तर मला वळवेना. गेले सिटी स्टेशनला. प्लॅटफॉर्मचं तिकीट काढलं. पुण्याची गाडी आली. लोक उतरले, कोणाच्या गळ्यात कोण पडलं, कोणाचं पोर हरवलं, सापडलं. मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. गाडी रिकामी झाली, हमालसुद्धा गेले. मी आपली बसूनच. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

"अक्का, होळग्या थंड होतील."

बघते तर आप्पाजी, रिक्षा करून माझ्या मागोमाग आलेले. तेच स्वेटर, हातात बन्नीच्या पानांची डहाळी. तुम्ही आपट्याची पानं सोनं म्हणून वाटता, त्याजागी इथे बन्नीची, म्हणजे शमीची. मी गडबडीनं उठले. "गाडी... म्हणजे तो पुढच्या गाडीनं..."

"येत नाही तो," ते म्हणाले. "मला कालच कळलं."

"फोन ऐकलात माझा?"

"छे. ज्याचा पोरगा यायचा असतो ते माणूस दर घटकेला घड्याळ बघतं. फोन करून आल्यापासून तुम्ही एकदापण बघितलं नाही."

"मग नंबर कशाला दिलात मला?" मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. "कळलं होतं तर सांगायचं चारचौघांत."

"काय सांगायचं? आणि मी गाडी लवकर घेऊन कुठं जायचं होतं?" ते बाकावर बसले. "माझी दोन पोरं अमेरिकेत. गाडी गॅरेजमध्ये. मी दर महिन्याला तिची काही ना काही तक्रार काढतो आणि पीण्याला जातो. चहा देतात, बसवून घेतात, मी सांगतो ते सगळं ऐकतात. ह्या वेळी खरंच ब्रेक खराब निघाले म्हणून तर मला धसका बसला."

"म्हणजे तुमची गाडी दाबायच्या आधी थांबते, ते?"

"ते मी मनानं सांगितलं होतं," आप्पाजी म्हणाले. त्यांनी बन्नीची पानं माझ्या हातात ठेवली. "सोनं घ्या."

"सोन्यासारखं राहा," मी म्हटलं. वयानं ते मोठे, पाया मी पडायला हवं होतं, पण तोंडात शब्द आले ते गेले. आम्ही बाकावर बसून होळग्या खाल्ल्या. शंभूच्या वाट्याच्या दोन ते खाऊन बसले.

त्यांची गाडी दुपारी तयार व्हायची होती, म्हणून मीच त्यांना पीण्याला सोडायला निघाले. मॅजेस्टिकच्या गर्दीतून, बसेसच्या मधून, अगदी मी ठरवलं होतं त्याच रस्त्यानं. मी झोकात चालवत होते. बाजूला बसून आप्पाजी एका हातानं दार धरून होते आणि सबंध रस्ताभर आपल्या पायानं त्यांच्या बाजूचा, नसलेला ब्रेक दाबत होते. समोर सायकल आली, दाबला. बस वळली, दाबला. गाय लांब होती, तरी दाबला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी खाली उतरवलं असतं. पण माझ्या गाडीत माझ्या शेजारी बसून कोणी जिवाला भिण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या ब्रेकची तक्रार मी अजून कोणाकडे केलेली नाही.